जोम कुणाचा, बी कुणाचे?

दिवाळीच्या फराळाचा पहिला आवाज कोणता, असे कोणी मला विचारले तर मी सांगेन की कढईतल्या तेलात तडतडणाऱ्या मोहरीचा. तो आवाज झाला की घरातली पोरे ओसरीवरून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी येतात, आणि मग त्या फोडणीवर पोहे पडतात. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानाच्या मुलखात, याच दिवसांत हलके धान खळ्यावर आलेले असते. भारी धान अजून बांधीत उभे असते. मोहरी आणि धान ही दोन्ही तशी घरातलीच माणसे. पण गेल्या दिवाळीत याच दोघांवरून माझ्या घरी असे भांडण जुंपले की चिवडा निवून गेला तरी कोणाचे लक्ष नव्हते.

भांडणारे तिघे. एक माझी वहिनी, शहरात राहणारी. दुसरा माझा भाचा, शेतकी पदवीधर आणि बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरीस. तिसरा मी, पोटापुरती बांधी असलेला निवृत्त शाळामास्तर. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हल्ली सगळेच हायब्रीड झाले आहे. धान्य हायब्रीड, भाजी हायब्रीड, आणि पोरेही हायब्रीड! कशातच दम नाही." त्यावर भाचा उसळून म्हणाला, "मामी, दम हायब्रीडमध्येच आहे. मामांसारखी मंडळी अजून घरचे बी ढोलीत राखून ठेवतात, म्हणून तर आपल्या भागाचे उत्पन्न वाढत नाही!"

मला दोघांशीही भांडावे लागले. दोघेही अर्धे खरे बोलत होते, आणि अर्धे खरे हे धडधडीत खोट्यापेक्षा अधिक घातक असते. त्या रात्री जे मला नीट सांगता आले नाही ते आज वाचकांपुढे मांडतो.

प्रथम वहिनींचा आक्षेप घेऊ, कारण तो बहुसंख्यांचा आहे. मराठीत 'हायब्रीड' ही एक शिवीच होऊन बसली आहे. ती कुठून आली? १९६४ साली 'सीएसएच-१' ही संकरित ज्वारी आली. तिचा एक वंश अमेरिकेतून आलेला होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात महाराष्ट्रात तिचा मोठा प्रसार झाला. तुटवड्याच्या त्या वर्षांत तिने पुष्कळ घरांत भाकरी पोचवली, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. भाकरीला जुन्या ज्वारीची गोडी नव्हती हे खरे. पण त्याचे कारण संकरात नव्हते. ती ज्वारी लवकर पक्व होई. म्हणून कणीस भरण्याच्या वेळी परतीचा पाऊस गाठे आणि दाणा काळा पडे, त्यावर बुरशी धरे. दोष पिकण्याच्या वेळेचा, आणि शिवी मात्र बसली संकराला!

संकराने चव जाते असे म्हणणाऱ्यांनी कोकणातला 'रत्ना' आंबा खाऊन पाहावा. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रात १९८१ साली तो निघाला. नीलम आणि हापूस हे त्याचे आईबाप. तो अस्सल हायब्रीड आहे, आणि त्याला कोणी बेचव म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणि मोहरीचे काय? ज्या मोहरीच्या फोडणीवर आपला चिवडा शुद्ध देशी ठरतो, ती बाजारात मिळणारी बहुतेक मोहरी, तपकिरी मोहरीची जात, ही स्वतःच एक संकर आहे. माणसाने केलेला नव्हे, निसर्गाने केलेला. जपानमध्ये संशोधन करणाऱ्या नागाहारू ऊ यांनी १९३५ साली हे दाखवून दिले. काळी मोहरी ही एक वनस्पती; तिच्यात गुणसूत्रांच्या ८ जोड्या. सलगम ज्या जातीतला आहे ती दुसरी वनस्पती. तिच्यात १० जोड्या. फार प्राचीन काळी या दोघींचा संयोग झाला, दोघींचीही सगळी गुणसूत्रे संततीत टिकून राहिली, आणि १८ जोड्यांची नवी मोहरी जन्माला आली. तेव्हा वहिनींना माझे सांगणे इतकेच होते की, "वहिनी, हायब्रीडला नावे ठेवायची असतील तर आधी फोडणी बंद करा!"

यावर भाचा टाळ्या पिटू लागला. त्याला वाटले, मामा आपल्या बाजूला आले. पण त्याने माझे पुढचे वाक्य ऐकले नव्हते. निसर्गाने मोहरीचा जो संकर केला तो कायमचा केला. त्या मोहरीचे बी पेरले की तीच मोहरी उगवते. हजारो वर्षे उगवते आहे. रत्ना आंब्याचेही कलम करून घेतले की तोच रत्ना मिळतो. निसर्गाने आणि बागाइतदाराने संकर केला आणि तो माणसाच्या हाती दिला. भाच्याच्या कंपनीने संकर केला तो मात्र एका हंगामापुरता भाड्याने दिला. सगळा वाद या एका फरकाचा आहे.

संकराचा जोम म्हणजे काय, हे थोडे समजावून घेतले पाहिजे. चार्ल्स डार्विनने १८७६ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्याच परागाने फळलेल्या झाडांची संतती आणि दुसऱ्या झाडाच्या परागाने फळलेल्यांची संतती त्याने शेजारी शेजारी वाढवून पाहिली होती. पुष्कळ वनस्पतींत दुसरी संतती अधिक उंच व सशक्त निघाली. पुढे १९०८ साली अमेरिकेत जॉर्ज शल याने मक्यावर प्रयोग करून याला शास्त्राची बैठक दिली. मक्याचे एकेक वाण पिढ्यान् पिढ्या स्वतःशीच फळू दिले की ते खुरटत जाते, कारण त्यातले झाकलेले दोष उघडे पडतात. पण अशी दोन वेगवेगळी खुरटलेली वाणे एकत्र आणली की एकाचा दोष दुसऱ्याच्या गुणाने झाकला जातो आणि पहिली पिढी एकदम तरारून उठते. हाच संकराचा जोम. तो खरा आहे, मोजता येतो, आणि त्याला थोतांड म्हणणारा मनुष्य अडाणी होय.

परंतु या जोमाला एक अट आहे. तो पहिल्या पिढीचा असतो. त्या पिकाचे दाणे राखून पुन्हा पेरले की झाकलेले दोष पुन्हा सुटे होतात. आईबापांच्या भिन्नतेतून आलेला मिश्रपणा पुढच्या पिढीत निम्म्यावर येतो आणि त्याबरोबर जोमही उतरतो. एकाच बांधीत एक झाड कमरेएवढे तर दुसरे गुडघ्याएवढे, एक पिकलेले तर दुसरे फुलावर, असा तमाशा होतो.

हा तमाशा मी पुस्तकात वाचलेला नाही, डोळ्यांनी पाहिला आहे. माझ्या शेजारी एक विधवा बाई आहे. तिला दीडेक एकराची बांधी. काही वर्षांपूर्वी तिने एका दुकानातून संकरित धानाची पिशवी आणली. पहिल्या वर्षी पीक छान आले. बाई हरखून गेली आणि आईसासूपासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे तिने त्यातलेच चांगले धान निवडून बियाण्यासाठी बाजूला काढले. पुढच्या पावसाळ्यात पऱ्हे टाकले, उसनवारीने बायका लावून रोवणी केली. लोंब्या निघायच्या वेळी ती मला बांधावर घेऊन गेली आणि म्हणाली, "गुरुजी, माझ्या बांधीत काय झाले जी? ही काय करणी म्हणायची?" बांधीतले धान शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या सगळ्या इयत्तांच्या पोरांसारखे दिसत होते. काही पिकून झडत होते, काही हिरवेच होते. त्या वर्षी तिच्या घरी वर्षाचा तांदूळ झाला नाही, आणि धाकट्या मुलीचे शिक्षण दहावीच्या आत सुटले. दुकानदाराने पिशवी विकताना तिला एक वाक्य सांगायला हवे होते: "बाई, हे बी पुन्हा पेरू नका." ते वाक्य कोणी बोलले नाही. करणी झाली असेल तर ती न बोललेल्या वाक्याची.

भाचा म्हणाला, "मामा, हा अज्ञानाचा दोष, संकराचा नव्हे." कबूल! पण मग दुसरा प्रश्न विचारतो. मका आणि बाजरी ही दुसऱ्या झाडाच्या परागावर फळणारी पिके; त्यांत संकराचा लाभ मोठा. कापसाचेही तसेच. १९७० साली सुरतेला निघालेल्या 'एच-४' या संकरित कापसाने शेतकऱ्यांचे दिवस पालटले, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या वरोरा-राजुऱ्याकडचे कापूसवाले संकराला हसणार नाहीत. पण धान हे आपल्याच परागावर फळणारे पीक आहे. त्याच्या फुलात नर-मादी एकत्र असतात. फूल सकाळी घटका-दोन घटका उघडते तोवर बहुधा आतल्या आत सगळे उरकलेले असते. मोहरीचेही पुष्कळसे असेच. अशा पिकांत संकर करायचा तर आधी मादी-वंशातल्या फुलांचा पुरुषपणा नाहीसा करावा लागतो. चीनमध्ये १९७० साली हैनान बेटावर रानधानाचे असे एक नपुंसक झाड सापडले आणि त्यावरून युआन लाँगपिंग यांनी संकरित धान उभे केले. थोर काम! आपल्याकडेही १९९८ साली कर्जतच्या संशोधन केंद्रातून 'सह्याद्री' हे संकरित धान निघाले.

मोहरीत अशी नरवंध्य वाणे वापरून केलेले संकर बाजारात आहेतच. दिल्ली विद्यापीठातील दीपक पेंटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट घेतली. मातीतल्या एका जिवाणूची जनुके मोहरीत घालून त्यांनी एका वंशातला पराग मारला आणि दुसऱ्या वंशातून तो संततीत पुन्हा जागा केला. आपली 'वरुणा' जात आणि पूर्व युरोपीय वंशाची 'अर्ली हीरा-२' यांचा हा संकर 'डीएमएच-११' म्हणून गाजला. वरुणापेक्षा याचे उत्पन्न सुमारे २८ टक्के जास्त, असे चाचण्यांवरून सांगण्यात आले. वरुणा ही जुनी जात आहे, तुलना आजच्या उत्तम जातींशी करा, असे टीकाकारांनी बजावले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राच्या समितीने त्याला पुढची मोकळीक दिली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल पडले. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी अर्ध्याहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते, हा समर्थकांचा मुद्दा काही खोटा नाही. जनुके घातली म्हणून ती मोहरी राक्षसी झाली, असेही मी म्हणत नाही. माझा प्रश्न साधा आहे. इतकी विद्या, इतका सरकारी पैसा खर्चून शेतकऱ्याच्या हाती जे बी येईल, ते पुढच्या वर्षी पेरता येईल काय? नाही. मग आपल्याच परागावर फळणाऱ्या पिकात हाच एक मार्ग शिल्लक होता काय?

नव्हता, आणि याचे उत्तर द्यायला मला दिल्लीला जावे लागत नाही. नागभीड तालुक्यातले नांदेड हे गाव पुरे आहे. तिथे दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचा मनुष्य राहत होता. शिक्षण तिसरीपर्यंत, शेत दीड एकर. १९८३ साली आपल्या 'पटेल-३' धानाच्या बांधीत त्याला काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. लाखो लोंब्यांत निसर्ग अशी एखादी निराळी लोंबी अधूनमधून टाकतो. पाहणाऱ्याला दिसली तर! दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, त्यातून पुन्हा निवडल्या, आणि वर्षानुवर्षे हे केले. त्यातून बारीक, चवदार, भरघोस धान उभे राहिले. त्याला काय नाव द्यावे हे कोणाला सुचेना, तेव्हा त्या दिवसांत लोकांच्या मनगटावर मिरवणाऱ्या घड्याळाचे नाव बाजारात त्याला पडले: एचएमटी. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दिवाळीच्या दिवशी जो भात वाढला जातो तो या घड्याळाच्या नावाचा. पण तो लावणाऱ्याचे नाव ताटापर्यंत पोचलेले नाही.

यात मौज ही की हे धान संकरित पिशवीतले नव्हते, सरळ वाणाचे होते. म्हणून एका शेतकऱ्याने पायलीभर बी दुसऱ्याला दिले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि हां हां म्हणता ते राज्याच्या सीमा ओलांडून गेले. कोणत्याही कंपनीचा फिरता विक्रेता त्यासाठी हिंडला नाही. तेच धान पहिल्या पिढीत संपणारे असते तर नांदेडच्या बाहेर गेले असते काय?

पुढे १९९८ साली कृषी विद्यापीठाने त्या धानाची शुद्ध निवड करून 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण प्रसारित केला. शुद्धीकरणाचे काम आवश्यक असते, त्याला विद्या लागते, हे मी मास्तर असल्याने जाणतो. पण त्या नावाकडे एकवार पाहा. त्यात विद्यापीठ आहे, घड्याळ आहे, दादाजी नाहीत. श्रेयावरून वाद झाला तो उगाच नव्हे. २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला, २०१० साली 'फोर्ब्स' या नियतकालिकाने त्यांना यादीत बसवले. ते पुढेही 'डीआरके', 'नांदेड हिरा' अशी वाणे काढीत राहिले. अखेरची वर्षे मात्र आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली, आणि ३ जून २०१८ रोजी ते वारले. ज्याने देशाला तांदूळ दिला त्याच्या औषधपाण्यासाठी बातम्या छापून याव्या लागल्या, ही लाज कोणाची? माझी, तुमची, आपल्या सर्वांची.

भाच्याने शेवटी आपला हुकमी पत्ता टाकला. "मामा, बी एकदा देऊन ते शेतकरी कायम पेरत राहिले तर कंपनीने संशोधनाचा खर्च कुठून काढायचा?" प्रश्न रास्त आहे. कंपनीने व्यापार करावा. तिला तो करू नको असे मी सांगत नाही. पण म्हणूनच सरकारी संशोधनाने कंपनीसारखे वागू नये. विद्यापीठे करदात्यांच्या पैशावर चालतात. आमच्या सिंदेवाहीला संशोधन केंद्र आहे. त्याला पिशवी विकून पोट भरायचे नाही. जे काम बाजाराला परवडत नाही, म्हणजे पेरता येईल, राखता येईल, वाटता येईल असे उत्तम सरळ बी काढणे, ते काम नेमके त्यांचे आहे. दोन जातींचा संकर जरूर करावा. पण पहिल्या पिढीचा जोम विकत बसण्याऐवजी पुढे सहा-आठ पिढ्या निवड करीत जावे, दोन्हींकडले चांगले गुण एका स्थिर वाणात बसवावेत, आणि ते बी गावाला द्यावे. आपल्याच परागावर फळणाऱ्या पिकांत हे शक्य आहे, आणि देशातली कित्येक नावाजलेली धानाची वाणे याच वाटेने आली आहेत. पूर्ण जोम हाती येणार नाही. पण जे येईल ते दरवर्षी विकत घ्यावे लागणार नाही.

आणखी एक धोका. सगळा मुलूख थोड्या संकरांवर आणणे म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत ठेवून बाजाराला निघणे होय. १९६५ नंतर संकरित बाजरी देशभर पसरली. त्या बहुतेक संकरांची आई एकच होती. १९७० च्या पुढे गोसावी रोग आला तो त्या आईच्या सगळ्या लेकरांना एकदमच लागला. ज्याच्या ढोलीत जुन्या बाजरीचे बी होते तो निदान पुन्हा पेरू शकला. म्हातारी माणसे ढोलीत बी राखत होती ती वेडेपणाने नव्हे.

आपला कायदाही हे मानतो. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि नाममुद्रेवाचून विकण्याचाही हक्क दिला आहे. जगात फार थोड्या देशांनी इतका स्पष्ट हक्क दिला असेल. पण संकरित पिशवीपुढे हा हक्क कागदावरच राहतो. कायदा म्हणतो, "बी राख", पिशवी म्हणते, "राखून पाहा, काय उगवते ते!" पोलिसाला जे जमत नाही ते कुलूप जीवशास्त्राने लावून ठेवले आहे.

म्हणून माझ्या मागण्या तीन. पहिली, धान आणि मोहरीसारख्या पिकांत सरकारी केंद्रांनी आधी सरळ वाण द्यावा, मग संकर. दुसरी, संकरित बियाण्याच्या पिशवीवर दर्शनी बाजूस ठळक मराठी अक्षरांत छापावे की "हे बी पुढच्या वर्षी पेरू नये", आणि दुकानदाराने ते वाचून दाखवावे. माझ्या शेजारणीला अक्षर ओळखता येत नाही. तिसरी, ज्या शेतकऱ्याच्या बांधीतून वाण निघाला त्याचे नाव वाणाच्या नावात राहावे. संशोधकाचे जरूर घाला. पण आईला वगळून बारसे करू नका.

त्या रात्री भांडण मिटले नाही. वहिनींनी दुसरी फोडणी केली. भाचा सकाळी निघाला तेव्हा मी त्याला ढोलीतून दोन कुडव धान बांधून दिले आणि म्हणालो, "तुझ्या कंपनीच्या शेतात एका कोपऱ्यात हे लाव. तुझ्या पिशवीपेक्षा कमी पिकेल कदाचित. पण पुढच्या वर्षी मला परत द्यायला तुझ्याजवळ बी असेल."

तो हसला, पण गाठोडे त्याने नेले. पुढच्या दिवाळीला तो काय घेऊन येतो ते पाहू.